आपाच्या बांगड्या आणि पहिला लेथ

रमजान ईदच्या चौथ्या दिवशी माझी मोठी बहीण जळगावहून धुळ्याला आमच्या घरी आली. तिला आम्ही सगळे आपा म्हणतो. सोबत तिचा धाकटा मुलगा होता. शीरखुर्मा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग आपाने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर सोडली. आत तिच्या लग्नातल्या चार बांगड्या.

"याच्या मशीनसाठी मोडायच्या आहेत. तू तीस वर्षं लेथवर काढलीस. तू हो म्हण, म्हणजे मी उद्याच सराफाकडे जाते."

भाच्याने खिशातून कोटेशन काढलं. सीएनसी टर्निंग मशीन, किंमत साडेचौदा लाख, त्यावर अठरा टक्के जीएसटी. म्हणजे सतरा लाख अकरा हजार. बँक बारा लाख देणार. उरलेले पाच लाख अकरा हजार घरचे: त्याने साठवलेले तीन लाख दहा हजार आणि बाकी बांगड्यांचे. सराफाने चार बांगड्यांचे साधारण चार लाख सांगितले होते. सीएनसीची हत्यारं, कंप्रेसर, वायरिंग यांत तेही संपणार होते.

मी हो म्हटलं नाही. आपाचा चेहरा उतरला, भाचा तर उठूनच उभा राहिला. त्यानंतर दीड महिना फोनवर आमची हुज्जत चालली. आपल्या वस्तीतली, आपल्या नात्यातली बरीच पोरं आज याच उंबरठ्यावर उभी आहेत. आयटीआय झालं, चार-पाच वर्षं चाकण-रांजणगावला कंपनीत काढली, आता गावात स्वतःचं काही करायचं आहे. म्हणून ती हुज्जत इथे सविस्तर लिहितो. मशीनशी ज्यांचा संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण हा प्रश्न लोखंडाइतकाच घरच्या पैशाचाही आहे.

आधी भाच्याची बाजू नीट मांडतो, कारण ती कच्ची नव्हती. तो म्हणाला, "मामू, साधा लेथ आता संपला. कंपन्यांत तो दिसतच नाही. माझा हात पाच वर्षं सीएनसीवर बसलाय. माप अचूक येतं, शंभर नग केले तरी शंभरही सारखे. आणि साध्या लेथला बँक कर्ज देताना नाक मुरडते, सीएनसीला मागे लागून देते." यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. तरीही निष्कर्ष चुकीचा आहे असं मला वाटत होतं, आणि अजून वाटतं.

माझं म्हणणं एवढंच होतं की यंत्र निवडण्याआधी दारात कोण येणार ते बघ. त्याने शेड भाड्याने घेतली होती ती जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे. त्या रस्त्यावर सकाळी आठ वाजता उभं राहून बघा. केळीच्या बागेतून पंप काढून आणलेला शेतकरी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची पिन झिजली म्हणून आलेला ड्रायव्हर. रोटाव्हेटरचा शाफ्ट मोडला म्हणून दोन तुकडे पोत्यात घालून आणणारा. डाळमिलचा फिटर. पाइपवाले, चटईवाले. जळगावात पीव्हीसी पाइप, ठिबक आणि प्लास्टिकच्या चटया यांचे कारखाने आहेत, आणि त्या प्रत्येकात काही ना काही रोज झिजतं, अडकतं, तुटतं. दसरा-दिवाळीनंतर कापसाच्या जिनिंगा सुरू झाल्या की त्यांचे रोलर, त्यांचे बेअरिंगचे शाफ्ट. इकडे धुळ्यात चाळीसगाव रोडच्या बाजूला पॉवरलूम. तिथे क्रँक शाफ्ट, बॉटम शाफ्ट, बुश, गिअर.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. कुणाच्याही हातात ड्रॉइंग नसतं. हातात मोडका तुकडा असतो. आणि काम एकच नग असतं. शेतकरी येऊन अहिराणीत सांगतो, "भाऊ, मना ट्रॅक्टर वावरमा उभा से." त्याला शंभर पिना नको असतात. एकच पिन हवी असते, तीही दुपारच्या आत.

सीएनसीची खरी ताकद एकसारख्या नगांच्या ढिगात आहे. एकदा प्रोग्रॅम लिहिला, हत्यारं लावली, ऑफसेट घेतला की मग तो खर्च दोनशे नगांवर वाटला जातो. एका नगासाठी ती सगळी तयारी करायची तर तेवढ्या वेळात साध्या लेथवरचा जाणता टर्नर तो शाफ्ट वेल्डिंगने भरून, परत टर्न करून, गिऱ्हाइकाच्या हातात देऊन चहाला गेलेला असतो. भाच्याला मी विचारलं, "तुझ्याकडे एखाद्या कंपनीची लेखी ऑर्डर आहे का? महिन्याला अमुक नग, अमुक दर?" तो म्हणाला, "मशीन आली की मिळेल." बारा लाखांचा पाच वर्षांचा हप्ता अकरा टक्क्यांनी महिना सव्वीस हजारांच्या घरात जातो. तो पहिल्या महिन्यापासून सुरू. ऑर्डर मात्र 'मिळेल'.

चांगली वस्तू तयार असली म्हणजे गिऱ्हाईक धावत येतं, असं नसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं उदाहरण आपल्या मराठी मुलखातलंच आहे. त्यांचा पहिला लोखंडी नांगर १९०३ सालचा. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि तो नांगर विकायला दोन वर्षं लागली. ते टिकले, कारण त्याआधी बेळगावात सायकलींचा धंदा होता, कडबा कापायची यंत्रं होती. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती पुढे १९१० मध्ये. पहिली दोन वर्षं नांगर विकला नाही तरी चूल पेटत होती, ही गोष्ट त्या कहाणीतून आपण नेहमी गाळतो.

म्हणून माझं मत असं: खानदेशात नवीन मशीनशॉप टाकणाऱ्याने पहिलं यंत्र साधा, जड, ऑल-गिअर लेथ घ्यावा. आणि नव्या स्वस्त लेथपेक्षा जुना दणकट लेथ घ्यावा. सीएनसी घ्यायचीच असेल तर दोन-तीन वर्षांनी, हातात लेखी ऑर्डर आल्यावर.

जुना का, हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो आहे. अब्बा धुळ्यात लूमचे पार्ट बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. १९९४ साली मी वेगळा झालो तेव्हा ते म्हणाले होते, बंद पडलेल्या गिरणीचा लेथ बघ, थोडं थांब. मला थांबायचं नव्हतं. मी एका विक्रेत्याकडून कोरा लेथ उचलला. हिरवागार रंग, चकाकणारी हँडलं, हार घालून नारळ फोडून दिला त्याने. आठ महिन्यांत चकजवळचा बेड झिजला. ओतीव काम कच्चं होतं, बेडला पाणी दिलेलं नव्हतं. दीडशे मिलिमीटरचा दांडा टर्न केला की दोन टोकांत ०.०८ मिलिमीटरचा फरक यायचा.

०.०८ ऐकून हसू नका. समजा शाफ्टवर ६२०८ नंबरचं बेअरिंग बसवायचं आहे. त्याचं आतलं माप ४० मिलिमीटर. सीट घट्ट बसण्यासाठी शाफ्ट ४०.००२ ते ४०.०१८ यांच्या दरम्यान हवा. म्हणजे आपल्याला चुकायला जागा आहे ती फक्त सोळा मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला तर त्याच्या चौथाईहून कमी. बेअरिंगची रुंदी १८ मिलिमीटर. माझ्या त्या लेथवर एवढ्याशा रुंदीतच जवळजवळ दहा मायक्रॉनचा निमुळतेपणा यायचा. एका जिनिंगचे शाफ्ट मी ऐन हंगामात करून दिले, पंधरा दिवसांत दोन बेअरिंग सैल पडून फिरली. जिनिंगवाला भांडला नाही. पुन्हा आला नाही, एवढंच. भांडणारं गिऱ्हाईक परवडतं, हे तेव्हा कळलं.

मात्र जुना लेथ म्हणजे डोळे झाकून भंगार बाजारात जाणं नव्हे. बघायचं कसं, ते सांगतो. अब्बांची पद्धत आणि माझी, दोन्ही मिळून.

यंत्र चालू हालतीत बघावं. 'कनेक्शन तोडलंय, पण चालतं, माझी गॅरंटी' असं म्हणणाऱ्याला सलाम करून परत यावं. चालू केल्यावर प्रत्येक गिअर टाकून ऐकावं. अब्बा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हेडस्टॉकवर ठेवून मूठ कानाला लावायचे. बेअरिंग खराब असेल तर आतली खरखर थेट कानात येते. मग डायल गेज स्पिंडलला लावायचं आणि चकखाली लाकडाचा दांडा घालून हलकेच वर उचलायचं. सुई किती हलते त्यावरून बेअरिंगमधली चाल कळते. यानंतर बेड. चकजवळ कॅरेजचा लॉक थोडासा आवळायचा, कॅरेज जड चालेल इतकाच. मग ते टेलस्टॉककडे न्यायचं. मध्येच घट्ट अडकलं तर समजायचं की चकजवळ बेड झिजला आहे आणि टेलस्टॉककडे अजून भरलेला आहे. बहुतेक काम चकजवळच होतं, त्यामुळे थोडी झीज असणारच. किती आहे ते बघायचं.

शेवटची परीक्षा सगळ्यात सोपी. सोबत एक सळई न्यायची. चकमध्ये धरून, टेलस्टॉक न लावता, दीडशे मिलिमीटर हलका कट घ्यायचा आणि दोन्ही टोकं मायक्रोमीटरने मोजायची. फरक आला तर बेड झिजला, की हेडस्टॉक सरकला, की नुसतं लेव्हल बिघडलं आहे, हे शोधायचं. लेव्हल बिघडलं असेल तर यंत्र चांगलं आहे आणि मालकाला ते माहीत नाही. असा सौदा आयुष्यात एखादा मिळतो. लीड स्क्रूवर आटे पाडून बघायला विसरू नये. हाफ नट घसरत असेल तर तो बदलता येतो, पण किंमत त्या हिशोबाने पाडून घ्यायची.

आकाराचं म्हणाल तर सहा फुटी लेथ पुरतो. सहा फूट हा बेड असतो, काम तेवढं लांब बसत नाही. हेडस्टॉक-टेलस्टॉकची जागा वजा केली की दोन सेंटरांमध्ये साधारण मीटरभर उरतं. लांबीपेक्षा स्पिंडलचं भोक मोठं असणं मला महत्त्वाचं वाटतं. भोक मोठं असेल तर लांब शाफ्ट मागून आत घालून टोकाचं काम होतं, लहान असेल तर तोच शाफ्ट घेऊन दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. आणि ज्या बनावटीचे सुटे भाग मिळतात तीच बनावट घ्यावी. एचएमटी किंवा किर्लोस्करचा जुना लेथ लोक अजून शोधतात ते आठवणींच्या प्रेमापोटी नव्हे. त्यांचं वजन, त्यांचा बेड आणि ते उघडून जोडणारे मिस्त्री, तिन्ही अजून आहेत.

आता ज्या खर्चाकडे पोरं बघतच नाहीत, तो खर्च. माझ्या मते पहिली खरेदी लेथचीही नव्हे. पहिली खरेदी मापाची. व्हर्नियर सगळ्यांकडे असतो, आणि तो ०.०२ मिलिमीटरपर्यंतच सांगतो. वर सांगितलेली सोळा मायक्रॉनची जागा व्हर्नियरला दिसतच नाही. ०-२५, २५-५०, ५०-७५ असे तीन मायक्रोमीटर, बोअर गेज, मॅग्नेटिक स्टँडसह डायल. चांगल्या कंपनीचे, आणि डब्यात ठेवायचे, छिन्नी-हातोड्यासोबत नाही. लेथ थोडा झिजका असला तरी मोजता येत असेल तर जाणता टर्नर माप आणतो. कोऱ्या सीएनसीवर मोजता न येणारा माणूस शंभरही नग सारखेच चुकीचे काढतो.

त्यानंतर तीन जबड्यांचा आणि चार जबड्यांचा असे दोन्ही चक, पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर आणि वेल्डिंग मशीन. दुरुस्तीच्या धंद्यात वेल्डिंग म्हणजे लेथचा दुसरा हात. झिजलेला शाफ्ट भरायचा आणि मग टर्न करायचा, हे अर्धं काम असतं. थ्री-फेज कनेक्शनचा अर्ज शेड घेतल्याच्या दिवशीच टाकायचा. आणि यंत्राच्या किमतीत हायड्रा क्रेन, ट्रक, पाया, वायरिंग हे सगळं धरायचं. लेथ विकत घेतल्यावर तो उचलायला पैसे उरले नाहीत, असे लोक मी पाहिले आहेत.

इथे भाच्याशी माझा दुसरा वाद झाला, आणि त्यात तो जिंकला. माझं म्हणणं होतं की लेथबरोबरच जुना शेपर घे. पुलीतली, गिअरमधली की-वेची खाच शेपरवर होते, हत्यार म्हणजे घासून धार लावलेला एक तुकडा. मिलिंग मशीन घेतलं तर कटर, आर्बर, कोलेट यांतच दिवाळं निघतं. भाचा म्हणाला, "मामू, तुम्हीच म्हणालात ना, आधी दारात कोण येतं ते बघ? मग शेपरचं तुम्ही न बघता कसं ठरवता?" मी गप्प झालो. त्याने असं ठरवलं की एक वही ठेवायची. जे काम आपल्याकडे होत नाही म्हणून परत पाठवलं किंवा बाहेरून करून आणलं, ते तारखेसह त्यात लिहायचं. सहा महिन्यांनी वही सांगेल ते दुसरं यंत्र. तीस वर्षांत मला ही वही सुचली नव्हती.

अजून एक गोष्ट त्याने पटवली. जुन्या लेथवर डीआरओ बसवायचा, म्हणजे आकडे दाखवणारा पडदा. जुन्या स्क्रूमधली चाल मग फारशी आडवी येत नाही. "लोखंड तुमच्या जमान्याचं, डोळे माझ्या," असं तो म्हणाला. बसवला. मला चष्म्याने डायलच्या रेघा दिसायला त्रास होतो, त्यामुळे आता मीच त्याची जास्त तारीफ करतो.

आता पैशाकडे येतो. आपल्या घरांत कर्जाचा विषय निघाला की दोन टोकं दिसतात. एक म्हणतो, सूद हराम, बँकेचं नावच काढू नका. दुसरा म्हणतो, सबसिडी मिळते तर मोठ्यातलं मोठं मशीन घ्या. पहिल्याला मी काही शिकवणार नाही. तो त्याच्या इमानाचा मामला आहे, आणि फतवे देणं माझं काम नाही. एवढंच सांगतो की नातेवाइकांकडून घेतलेला कर्ज-ए-हसनाही लिहून ठेवावा, परतीची तारीख घालून. कर्जाची लिखापढी करा, हे कुरआनातच सांगितलेलं आहे. बिनव्याजी पैशावर व्याज नसतं, पण न लिहिलेल्या पैशापायी भाऊ भावाकडे ईदला जायचा थांबतो.

दुसऱ्याला मात्र सांगायचं आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याकांना विशेष गटात धरतात. स्वतःचा हिस्सा पाच टक्के, सबसिडी शहरी भागात पंचवीस आणि ग्रामीण भागात पस्तीस टक्के. योजना चांगली आहे, जरूर घ्यावी. पण ती सबसिडी हातात रोख येत नाही. ती बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं अडकून राहते आणि नंतर कर्जात वळती होते. ती तीन वर्षं धंदा चालवायचा तो तुमच्या कमाईवर. सबसिडी मिळते म्हणून यंत्राचा आकार वाढवणं म्हणजे लग्नात मंडप फुकट मिळाला म्हणून दोन हजार पाहुणे बोलावणं. जेवण कोण घालणार?

बँकांचं वागणं सरळ असतं असंही मी म्हणत नाही. सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. मुसलमानांमध्ये स्वयंरोजगार करणारे जास्त आणि बँकेच्या कर्जातला त्यांचा वाटा कमी, हे त्यात आकड्यांनिशी मांडलं होतं. गॅरेज, फॅब्रिकेशन, लूम, लेथ या कामांत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. लेथला हिंदी-उर्दूत खराद म्हणतात, त्यावर काम करणारा खरादी. हुन्नर घरात आहे, कागद घरात नाहीत. उद्यम नोंदणी फुकट होते, मोबाइलवर होते, तरी कित्येक वर्कशॉपांकडे ती नाही. बिलबुक नाही. मग बँक तोंड फिरवते तेव्हा दोष निम्मा तिचा आणि निम्मा आपला असतो.

आपल्या जलशांत अल-जजरीचं नाव हमखास निघतं. १२०६ सालचं त्याचं यंत्रांवरचं पुस्तक, पाणी उपसायची त्याची यंत्रं. अभिमान मलाही आहे. पण तो स्वतः हाताने यंत्रं बनवणारा कारागीर होता, आणि आपण मुलाने आयटीआयचा टर्नर ट्रेड घेतला तर 'डिग्री नाही मिळाली का' असं विचारतो. जळगाव-धुळ्याच्या आयटीआयमध्ये दोन वर्षांचा हा कोर्स करून आलेला मुलगा गावात स्वतःचं दार उघडू शकतो. ते दार पहिल्याच वर्षी कर्जाने बंद पडू नये, एवढीच माझी तळमळ.

एक सूचना प्रत्येक नव्या मालकाला. जुम्म्याच्या नमाजहून येऊन कुर्त्यावरच लेथ सुरू करू नका. लांब बाही, गळ्यातला गमछा, हातमोजे यांतलं काहीही फिरत्या चकने धरलं तर तो सोडत नाही. चकची चावी चकमध्ये विसरू नका. चष्मा लावा. अब्बांच्या डाव्या हाताला चार बोटं होती. पाचवं कुठे गेलं हे ते कधी सांगत नसत, पण आम्हाला लहानपणापासून माहीत होतं.

तर झालं असं. दीड महिन्यात आम्ही नऊ लेथ बघितले. सहा कारखाना बंद पडलेल्यांचे, तीन दलालांचे. नववा घेतला. सहा फुटी, ऑल-गिअर, दोन लाख साठ हजार. ट्रक आणि हायड्राचे चौदा हजार. चक आणि हत्यारं चाळीस हजार, मापाची साधनं अठ्ठावीस हजार, ड्रिल बत्तीस हजार, वेल्डिंग पंधरा, ग्राइंडर सहा, डीआरओ पंचवीस, वायरिंग आणि कनेक्शन पस्तीस हजार. बेरीज चार लाख पंचावन्न हजार. शेडचं सहा महिन्यांचं भाडं अठ्ठेचाळीस हजार वेगळं काढून ठेवलं. एकूण पाच लाख तीन हजार. बँकेत जावं लागलं नाही. आपाच्या दोन बांगड्या मोडल्या, दोन परत रुमालात गेल्या.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. पहिल्या महिन्यात अकरा कामं आली आणि कंपनीतल्या पगाराच्या निम्मेही पैसे सुटले नाहीत. दुसऱ्या महिन्यात त्याने एका पंपाचा शाफ्ट बिघडवला आणि स्वतःच्या खिशातून नवा करून दिला. आपाचा फोन आला, "तू अडवलं नसतंस तर आज त्याच्याकडे मोठी मशीन असती." मी ऐकून घेतलं. तिचं चूक आहे, असं आजही छातीठोकपणे म्हणता येत नाही. एखाद्या कंपनीने खरंच ऑर्डर दिली असती तर? चौथ्या महिन्यापासून मात्र डाळमिलवाले आणि चटईवाले यायला लागले, भाडं आणि घरखर्च निघायला लागला.

गेल्या आठवड्यात जळगावला गेलो तेव्हा त्याने वही दाखवली. सहा महिने भरले होते. मला खात्री होती की पानापानावर की-वे असणार आणि शेपरबद्दलचं माझं म्हणणं खरं ठरणार. की-वे नऊ वेळा होते. पण तेवीस वेळा एकच ओळ होती: 'बुश दाबून बसवायचा, प्रेस नाही, बाहेर पाठवला.' म्हणजे दुसरं यंत्र हायड्रॉलिक प्रेस. ना त्याला सुचलं होतं, ना मला. उद्या आम्ही वीस टनी जुना प्रेस बघायला भुसावळला चाललो आहोत. त्याचे पैसे लेथच्या कमाईतून जातील, असं भाचा म्हणतो. आपाने तरीही विचारलं, "रुमाल आणू का?" तो म्हणाला, "नको अम्मी. कपाटातच राहू दे."